अंश आणि छेद : बालकांच्या प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टरांच्या संशोधन-प्रशिक्षणाची समीक्षा

प्रास्ताविक

अलिबागहून उत्तरेकडे निघाले की वरसोली, थळ, नवगाव, किहीम, आवास, सासवणे आणि मांडवा अशी गावे किनाऱ्याने ओळीने लागतात. यांपैकी थळ हे गाव अनेक अर्थांनी संमिश्र आहे. समोर समुद्रात खांदेरी व उंदेरी हे जलदुर्ग, किनाऱ्याला कोळीवाडा, आत नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि गावाच्या एका अंगाला १९८० च्या दशकात उभा राहिलेला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना. अशा गावात आज जन्मलेले मूल पाच वर्षांचे होईपर्यंत किती वेळा आजारी पडते, त्यांपैकी किती वेळा डॉक्टरांसमोर नेले जाते, किती वेळा घरच्या घरी बरे होते आणि किती वेळा नेण्याजोगे असूनही नेले जात नाही, हे प्रश्न वरवर साधे आहेत. त्यांची उत्तरे शोधण्याचे शिक्षण आपल्या बालरोगतज्ज्ञांना मिळते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखक संख्याशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्य नाही. तेव्हा रोगनिदान व उपचार यांविषयी येथे मत देण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु संशोधन ही मोजण्याची आणि मोजलेल्याचा अर्थ लावण्याची क्रिया असल्याने त्या अंगाने या प्रशिक्षणाची चिकित्सा करता येते. शाळेत अपूर्णांक शिकवताना आपण रेघेच्या वर अंश आणि खाली छेद लिहावयास सांगतो. बालकांच्या प्राथमिक सेवेसंबंधीच्या बहुतांश वैद्यकीय संशोधनात अंश असतो, छेद नसतो. रुग्णालयात आलेली मुले मोजली जातात. ज्या गावांतून ती आली त्या गावांतील एकूण मुले किती, हे नोंदले जात नाही. ही उणीव वैयक्तिक आळसातून आलेली नसून प्रशिक्षणाच्या रचनेतच आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रबंध नावाचा लेखनप्रकार

एम. डी. (बालरोगशास्त्र) ही पदवी घेणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टराला प्रबंध लिहावा लागतो. तोच त्याच्या आयुष्यातील पहिला आणि बहुतेकांच्या बाबतीत शेवटचा संशोधनानुभव असतो. म्हणून या प्रबंधाकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहणे उचित ठरेल. त्याचे शीर्षक ठरीव असते : तृतीय स्तरावरील रुग्णालयात दाखल झालेल्या अमुक वयोगटातील मुलांमधील तमुक घटकाचा निरीक्षणात्मक अभ्यास. आजार बदलतो, रक्तातील घटक बदलतो, वाक्यरचना बदलत नाही. नमुना शंभराच्या आसपास असतो, कारण उपलब्ध काळात वॉर्डात तेवढीच मुले येतात. मग त्या संख्येला साजेसे सूत्र मागाहून शोधले जाते.

गेल्या काही वर्षांत असे अनेक प्रबंध संख्याशास्त्रीय 'सहाय्या'साठी प्रस्तुत लेखकाकडे आले. आणणारे तरुण डॉक्टर बुद्धिमान, नम्र आणि कमालीचे थकलेले असतात. रात्रपाळी संपवून थेट एस.टी.ने आलेली एक डॉक्टर तक्ते उघडता उघडता खुर्चीतच झोपी गेली होती, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांची मागणी मात्र एकच असते : 'सर, पी व्हॅल्यू काढून द्या.' प्रश्न काय होता असे विचारले की शीर्षक वाचून दाखवले जाते. प्रश्न कोणाला पडला होता असे विचारले की शांतता पसरते. विषय विभागप्रमुखांनी दिलेला असतो, अथवा आधीच्या तुकडीच्या प्रबंधात आजाराचे नाव बदलून सिद्ध झालेला असतो. रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे येण्याला शवविच्छेदनाची उपमा दिली होती. तिचा प्रत्यय आपल्याला अद्याप येतो. फरक एवढाच की आता मृतदेहावर सहीही हवी असते.

विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्या डॉक्टराला आठवड्याचे सहा-सात दिवस वॉर्डात काढावे लागतात, त्याला वॉर्डाबाहेरचे मूल दिसणार तरी कसे? समोर अंश आहे, तो मोजला जातो.

नियमांत झालेले बदल आणि न झालेला बदल

नियामकांना या दुखण्याची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. २०२० साली अधिसूचित झालेल्या आणि २०२१ पासून प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना लागू झालेल्या जिल्हा निवासी कार्यक्रमानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या अथवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काढावयाचे असतात. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण विनियमांनी संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आवश्यक केला. प्रबंध तर पूर्वापार आहेच. म्हणजे पद्धतीचे ज्ञान, क्षेत्राचा सहवास आणि लेखनाची सक्ती ही तिन्ही साधने आता कागदावर उपस्थित आहेत.

परंतु या तिन्हींची परस्परांशी भेट होत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रम सुरुवातीला, मोबाईलच्या पडद्यावर आटोपतो. प्रबंधाचा आराखडाही प्रवेशानंतर काही महिन्यांतच मंजूर करून घ्यावा लागतो. त्या वेळी विद्यार्थ्याने जिल्हा पाहिलेलाच नसतो. तो जिल्ह्यात पोहोचतो तेव्हा प्रबंधाचे नमुने निम्म्याहून अधिक गोळा झालेले असतात. उत्तर आधी लिहून घ्यायचे आणि प्रश्नपत्रिका नंतर वाटायची, असा हा क्रम आहे. शिवाय जिल्ह्यात गेलेला निवासी डॉक्टर बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डातच मनुष्यबळ म्हणून सामावला जातो. मोठ्या वॉर्डातून लहान वॉर्डात झालेल्या या बदलीला क्षेत्रानुभव म्हणणे कठीण आहे. अलिबागेस २०२१ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून हा प्रश्न आपल्या जिल्ह्यापुरता तात्त्विक राहिलेला नाही. थळचे मूल आता एका शिक्षणसंस्थेच्या सावलीत आहे; ते तिच्या अभ्यासाचा विषय होणार की केवळ तिच्या केसपेपरवरील एक क्रमांक, हे याच वर्षांत ठरणार आहे.

छेद मोजणारे

छेदाविना अंश किती फसवा असतो याचे अभिजात उदाहरण म्हणजे केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध. त्यांच्या अनुमानानुसार एक हजार प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही आजार अथवा दुखापत जाणवते, २५० जण डॉक्टरांकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले जाते, आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात पोहोचतो तो केवळ एक. भावी डॉक्टरांचे शिक्षण आणि संशोधन त्या एकावर चालते. उरलेल्या ७४९ जणांचे आजार ग्रंथात आले तर ते त्या एकाच्या प्रतिमेत येतात.

ही आकडेवारी प्रौढांची आणि परदेशातील होती. नवजात बालकांच्या बाबतीत महाराष्ट्रानेच याहून धक्कादायक पुरावा दिला आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५-९६ या वर्षात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत ७६३ नवजात बालकांचे त्यांच्या घरी निरीक्षण केले. यांपैकी सुमारे ५४ टक्के बालकांना वैद्यकीय सेवेची गरज होती. डॉक्टरांनी पाहिलेली अथवा उपचार केलेली बालके २.६ टक्के होती, आणि रुग्णालयात दाखल झालेली ०.४ टक्के, म्हणजे तीन. मृत्यू झाले चाळीस, त्यांपैकी ३८ घरी. त्या काळात जिल्ह्याच्या रुग्णालयात बसून कोणी 'नवजात बालकांचे आजार' या विषयावर प्रबंध लिहिला असता, तर या ७६३ पैकी त्याच्या वाट्याला फार तर तीन आली असती. त्या तिघांवर त्याने कितीही सूक्ष्म रक्ततपासण्या केल्या असत्या, आणि पी व्हॅल्यू कितीही लहान आली असती, तरी ३८ घरांमधले मरण त्याच्या तक्त्यात शिरले नसते.

या छेदावर पुढील प्रयोग उभा राहिला. प्रशिक्षित ग्रामीण स्त्री-कार्यकर्तीने घरोघर जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याच्या त्या पद्धतीचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्के घट दिसून आली. गावांची वाटणी यादृच्छिक नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे आणि ती कोणीही मोकळेपणाने मांडावी. पण मर्यादा मांडता येते ती कोणती गावे मोजली आणि किती मुले मोजली हे नोंदलेले आहे म्हणून. वॉर्डातील प्रबंधावर असा आक्षेप घ्यायलाही जागा नसते. पुढे २०११ साली गृहाधारित नवजात बालक सेवा हा देशव्यापी कार्यक्रम झाला आणि आशा कार्यकर्तीच्या भेटींचे वेळापत्रक ठरले : प्रसूती रुग्णालयात झाल्यास सहा भेटी, घरी झाल्यास सात.

बंग दांपत्याने संशोधनाची रीतसर पद्धत अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे शिकून घेतली आणि प्रश्न गडचिरोलीत घेतला. हाच क्रम आपल्या किनाऱ्यावरही एकदा घडून गेला आहे. त्यासाठी वैद्यकाबाहेर जावे लागेल, तरी वाचकांनी क्षमा करावी. थळहून काही किलोमीटरवर असलेल्या किहीमला १९३० साली सालिम अली राहावयास आले. बर्लिनला श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकून परतल्यावर त्यांची मुंबईतील नोकरी राहिलेली नव्हती. प्रयोगशाळा नव्हती, अनुदान नव्हते. परिसरात सुगरण पक्ष्यांची घरटी मात्र होती. नर अनेक घरटी अर्धवट विणतो, मादी त्यांतील एखादे पसंत करते आणि नापसंत घरटी टाकून दिली जातात, हे त्या पक्ष्यांच्या संसाराचे गुपित त्यांना येथे उलगडले. अंडी असलेली घरटीच मोजून हे कधीही कळले नसते. टाकून दिलेली घरटीही हिशेबात होती. पद्धत बर्लिनची, छेद किहीमचा.

मांडव्याचा दाखला

आता त्याच रस्त्याने आणखी उत्तरेला गेले पाहिजे. डॉ. नोशीर अंतिया हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नामवंत प्लास्टिक सर्जन. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी मांडवा परिसरातील सुमारे तीस गावांत, साधारण तीस हजार लोकवस्तीत, एक प्रयोग सुरू केला. गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना निवडून आरोग्याचे काम शिकवायचे आणि डॉक्टरांच्या हाती असलेले कोणते काम त्या सुरक्षितपणे करू शकतात हे पाहायचे, असे त्याचे स्वरूप होते. लसीकरण, क्षय व कुष्ठरोगाचे रुग्ण शोधणे, बाळंतीण आणि मूल यांवर लक्ष ठेवणे, ही कामे या स्त्रिया उत्तम करू शकतात, असे दिसून आले. १९७५ साली अंतिया यांनी स्थापन केलेल्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेच्या पुढील विचाराचा पाया येथे घातला गेला, आणि १९८१ च्या 'सर्वांसाठी आरोग्य' या पर्यायी धोरणविषयक राष्ट्रीय अहवालाच्या मांडणीशी त्याचे नाते उघड आहे.

सुमारे दशकभराने हा प्रयोग थांबला. स्थानिक सत्तासंबंधांना तो रुचला नाही, आणि संस्थेने आपले क्षेत्रकार्य कालांतराने पुरंदर तालुक्यातील परिंचे परिसरात नेले. प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीने या प्रयोगाचे सर्वांत मोलाचे अंग म्हणजे अंतिया यांनी तो का थांबला हे लपवले नाही. १९८८ साली एका आंतरराष्ट्रीय आरोग्यविषयक नियतकालिकात त्यांनी मांडव्याची कहाणी यशापयशांसह प्रसिद्ध केली. लसीकरणाची टक्केवारी हा जसा निष्कर्ष असतो, तसाच 'गावातील स्त्रियांना ज्ञान मिळाले की कोणाला अडचण होते' हाही निष्कर्ष असतो. पहिला आकड्यांत लिहिता येतो, दुसऱ्यासाठी समाजशास्त्र लागते. आपल्या वैद्यकीय प्रबंधांत दुसऱ्या प्रकारच्या निष्कर्षाला रकाना नाही.

टीका करावयाची तर अशी करता येईल की मांडव्यात डॉक्टरांचे प्रशिक्षण हे उद्दिष्ट दुय्यम राहिले. ग्रामीण स्त्रिया शिकल्या, त्यांना शिकवणारे डॉक्टर मोजकेच होते आणि ते निघून गेले. बालरोगाचे पदव्युत्तर विद्यार्थी वर्षानुवर्षे तेथे येत राहिले असते, तर किनाऱ्यावरील एका पिढीतील मुलांची सलग नोंद आज हाती असती. पुण्यात के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घकालीन अभ्यास चालवला, त्यातून भारतीय नवजात बालक वजनाने कमी असूनही तुलनेने मेदयुक्त असते हा जगभर चर्चिला गेलेला निष्कर्ष निघाला. अशी नोंद ठेवणारी संस्था टिकावी लागते. मांडव्याला ते भाग्य लाभले नाही. प्रस्तुत लेखकाला भेटलेल्या निवासी डॉक्टरांपैकी एकानेही मांडव्याचे नाव बोटीच्या धक्क्याखेरीज अन्य संदर्भात ऐकलेले नव्हते, याचे दुःख नोंदवणे भाग आहे.

परदेशी फेलोशिपकडून काय घ्यावे

अमेरिकेत सामान्य बालरोगशास्त्रातील शैक्षणिक फेलोशिपला १९७८ पासून रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या कार्यक्रमाने बळ दिले. उपशाखांकडे न वळता मुलांच्या प्राथमिक सेवेतच राहू इच्छिणाऱ्या डॉक्टरांना संशोधक म्हणून घडवणे, हा तिचा उद्देश. तिच्यामागे रॉबर्ट हॅगर्टी यांचे रोचेस्टरमधील काम होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण काउंटीतील कुटुंबांची पाहणी केली, म्हणून त्यांना दिसले की मुलांचे प्रश्न बदलत आहेत. संसर्गजन्य आजार मागे पडून वर्तन, शाळा आणि कुटुंब यांच्याशी निगडित अडचणी पुढे येत आहेत. १९७५ च्या त्यांच्या ग्रंथाने यालाच नवी रुग्णता म्हटले. हाही छेदाचाच महिमा.

या फेलोशिपमध्ये घेण्याजोगे आहे ते राखीव वेळेचे तत्त्व. फेलोच्या वेळेचा मोठा हिस्सा संशोधनासाठी बाजूला काढलेला असतो आणि त्यावर वॉर्डाचा हक्क नसतो. आपल्याकडे बालरोगातील फेलोशिप मुख्यतः नवजात अतिदक्षता, मज्जासंस्था, रक्तविकार अशा उपशाखांच्या आहेत. मुलांच्या प्राथमिक सेवेसाठी फेलोशिप असावी ही कल्पनाच रुळलेली नाही. जे साधे आहे त्याला विशेष शिक्षण कशाला, अशी समजूत तिच्या आड येते. न घेण्याजोगे आहे ते त्या देशाचे गृहीतक. तेथे मुलाचा नियमित डॉक्टर म्हणजे बहुधा बालरोगतज्ज्ञ. येथे तो खाजगी सामान्य व्यावसायिक असतो, औषधाचा दुकानदार असतो, आशाताई असते किंवा आजी असते. त्यामुळे तेथील अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलला, तर राखीव वेळ मिळालेला आपला फेलो पुन्हा एखाद्या बाह्यरुग्ण विभागातच नमुने गोळा करीत बसेल.

थळचा छेद

समजा, बालकांच्या प्राथमिक सेवेची अशी एक फेलोशिप जिल्ह्यात सुरू झाली आणि फेलोला थळ दिले. पहिले काही महिने त्याने कोणताही विषय ठरवू नये. गावातील पाच वर्षांखालील मुलांची यादी करावी. हे काम कारकुनी वाटते. प्रत्यक्षात तेच सर्वांत अवघड आहे. आशाताईची नोंदवही, अंगणवाडीची वजनाची नोंद, उपकेंद्रातील लसीकरणाचे टिपण आणि ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंद हे चार दस्तऐवज समोर ठेवले की चार निरनिराळ्या संख्या येतात, असा कोणत्याही क्षेत्रकार्यकर्त्याचा अनुभव आहे. त्या का जुळत नाहीत, हा पहिला शोधप्रश्न. महाराष्ट्रातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालातून बालमृत्यूंची सरकारी नोंद किती अपुरी आहे हे दाखवले होते. ते दाखवणाऱ्यांनी प्रथम घरोघर मोजणी केली होती.

चारही याद्यांत नसलेले मूल हा दुसरा शोधप्रश्न. आपल्या जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे पाऊस संपला की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची मुले गावाच्या यादीत असतील तर तेथे गैरहजर म्हणून. भट्टी ज्या गावच्या हद्दीत, तेथे ती पाहुणी. रुग्णालयात ती पोहोचली तर अत्यवस्थ होऊन, आणि तेव्हा तक्त्यात 'उशिरा आणलेली' या रकान्यात जातात. उशीर कोणी केला, हे तक्ता विचारत नाही.

किनाऱ्यावरचे स्वतःचे असेही प्रश्न आहेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत कोळीवाड्यातील घराचे उत्पन्न आटते, पण त्याच वेळी माणसे घरीही असतात. लहान मुलाच्या वजनावर यांपैकी कशाचा परिणाम अधिक होतो? मासळी विकावयास भल्या सकाळी बाहेर पडणाऱ्या आईला अंगणवाडीची आणि लसीकरणाच्या सत्राची वेळ सोयीची आहे काय? कारखान्याच्या वसाहतीतील मूल आणि गावठाणातील मूल यांना ताप आला असता पहिले पाऊल कोणत्या दाराकडे वळते? यांतील एकाही प्रश्नाला महागडी तपासणी लागत नाही. वजनकाटा, वही, घड्याळ आणि पुनःपुन्हा त्याच दारी जाण्याची तयारी पुरते. विल्यम पिकल्स या इंग्लंडमधील खेडूत डॉक्टराने १९३९ साली ग्रामीण वैद्यकातील साथरोगांवर जो ग्रंथ लिहिला, तो अशाच सामग्रीवर. काविळीचा संसर्ग होऊन लक्षणे दिसेपर्यंत किती दिवस जातात, हे तो सांगू शकला, कारण गावच्या जत्रेला कोण कोण होते आणि त्यांतील कोण केव्हा पिवळे पडले, हे त्याला घरनिहाय ठाऊक होते.

आक्षेप येईल की गावातील माहिती अस्वच्छ असते, फेलो नवखा असतो आणि एका गावातील मुलांची संख्या कोणत्याही संख्याशास्त्रीय कसोटीला पुरत नाही. तिसरा मुद्दा व्यवसायाने प्रस्तुत लेखकाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर द्यावयास हवे. एका गावाची संपूर्ण गणना ही नमुना-पाहणी नसते. तेथे अनुमानाची यंत्रणा फारशी लागत नाही. तशाच गणना नवगाव, किहीम, आवास येथे क्रमाने झाल्या की तुलना आपोआप शक्य होते. पहिला आक्षेप खरा आहे, परंतु रुग्णालयातील माहिती स्वच्छ असते हा समज तितकाच खोटा आहे; ती केवळ इस्त्री केलेली असते. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर नाही. मार्गदर्शक अध्यापकाने स्वतः गावात गेले पाहिजे, आणि अध्यापकाची पदोन्नती जोवर नियतकालिकांतील निबंधांच्या मोजणीला बांधलेली आहे, तोवर तो जाईल असे मानण्यास आधार नाही.

याहून गंभीर प्रश्न आशाताईचा आहे. वरील चार दस्तऐवजांपैकी सर्वांत जिवंत दस्तऐवज तिचा. तिला मोबदला कामागणिक मिळतो आणि संशोधनाची वही भरणे हे त्या कामांत मोडत नाही. फेलो तिच्या घरोघरच्या ओळखीवर गावात शिरणार, तिच्या नोंदींवर प्रबंध उभारणार, आणि ऋणनिर्देशात 'क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे सहकार्य' एवढ्या तीन शब्दांत तिची बोळवण करणार, ही शक्यता दाट आहे. मांडव्याच्या प्रयोगात केंद्रस्थानी असलेली स्त्री अशा प्रकारे पुन्हा हमाल ठरेल. ज्या प्रशिक्षणात मोजणारीचे नाव लेखकांत घालायचे की नाही यावर पहिल्या महिन्यातच वाद होत नाही, त्या प्रशिक्षणाला प्राथमिक सेवेचे म्हणू नये.

भाषेचा रकाना

या नियतकालिकाचे बहुतेक वाचक वैद्यकाबाहेरचे अध्यापक आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना एथिक्स कमिटीवर बाहेरील सदस्य म्हणून बसण्याचा योग येतो, कारण समितीत विधिज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि सर्वसामान्य नागरिकांचा प्रतिनिधी असणे आवश्यक असते. तेथे समोर येणारे मराठी संमतीपत्र काळजीपूर्वक वाचून पाहावे. 'सदर अभ्यासामध्ये आपल्या पाल्याचा सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा असून' या धर्तीचे ते वाक्य इंग्रजीवरून ओढून आणलेले असते आणि ते ऐकणाऱ्या आईला 'पाल्य' म्हणजे आपला मुलगा हे समजायलाच एक श्वास लागतो. 'तुम्ही नाही म्हणालात तरी औषध तेच मिळेल' हे वाक्य प्रस्तुत लेखकाने वाचलेल्या एकाही संमतीपत्रात नव्हते, वास्तविक आईला जाणून घ्यायचे असते ते तेवढेच.

प्रश्नावलीचेही तेच. लहान मुलाच्या छातीतील कफाच्या विकाराला ग्रामीण महाराष्ट्रात अनेक भागांत 'डबा' म्हणतात. 'आपल्या बालकास गत पंधरवड्यात न्यूमोनिया झाला होता काय?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देणारी आई त्याच मुलाला डबा झाला म्हणून पोटावर डाग देऊन आणलेली असू शकते. तक्त्यात शून्य पडते. ते शून्य संगणकात जाते आणि मग प्रस्तुत लेखकासारख्याकडे पी व्हॅल्यूसाठी येते. कोणत्या वस्तीत कोणत्या आजाराला काय म्हणतात, श्वास लागण्याला, अंग टाकण्याला, दूध सोडण्याला कोळीवाड्यात कोणते शब्द आहेत आणि कातकरी वाडीवर कोणते, याचा कोश थळपुरता तरी करावयास आपल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांना वैद्यकीय परवान्याची गरज नाही. तो कोश हाती असल्याखेरीज फेलोने पहिल्या घराची कडी वाजवू नये.